केयाच्या रिपोर्टची शेवटची ओळ

माझ्या मुलीची नोकरी नागपूरच्या माझ्या ताईला समजावून सांगताना आमचं दोनदा भांडण झालंय. "केया खेळते का?" नाही. "मग शिकवते?" नाही. "मग पगार कशाचा घेते?" बघण्याचा, असं मी म्हटलं की ताईला वाटतं मी तिची थट्टा करतोय, आणि ती फोन ठेवून देते. पण खरं उत्तर तेच आहे.

अमेरिकन फुटबॉलच्या एका व्यावसायिक टीममध्ये केया खेळाडू बघते. कोण टिकेल, कोण टिकणार नाही, कोण तीन वर्षांनी कुठं असेल, हे रिपोर्टमध्ये लिहून देते. अशा माणसाला स्काउट म्हणतात. गेल्या ऑगस्टमध्ये ती स्काउटची असिस्टंट होती, म्हणजे त्या खात्यातली सगळ्यांत खालची पायरी. टीमचं नाव लिहायचं नाही, असं तिनं मला बजावलंय. मिनेसोटातल्या आमच्या ईडन प्रेरीपासून ते गाव सहा तासांच्या ड्राइव्हवर आहे, एवढं सांगतो. खेळाडूंची नावंही मी बदलली आहेत. उरलेलं सगळं घडलं तसं आहे, आणि ते सांगायची मला फार हौस आहे.

मी तापट आहे असं नीलांबरी म्हणते. नीलांबरी माझी बायको. मला ते मान्य नाही. मला फक्त मूर्खपणा सहन होत नाही. इथल्या मराठी मंडळाच्या पिकनिकला शैलेंद्रनं भर पंगतीत विचारलं, "काय रे रवींद्र, केया अजून त्या बॉलवाल्यांकडेच का?" शैलेंद्रची मुलगी डोळ्यांची डॉक्टर आहे आणि ते तो आम्हाला दर पिकनिकला नव्यानं सांगतो. मी म्हणालो, "हो, तिचे डोळे उत्तम आहेत, तपासून घ्यायला तुझ्या लेकीकडे पाठवू का?" नीलांबरीनं टेबलाखालून माझा पाय दाबला. घरी आल्यावर मात्र ती बराच वेळ हसत होती.

खरं सांगायचं तर सुरुवातीला मीच शैलेंद्रपेक्षा वाईट होतो. हायस्कूलमध्ये केया फुटबॉल टीमचं शूटिंग करायची. मैदानाच्या कडेला लोखंडी शिडीचं एक मचाण असतं, त्यावर कॅमेरा घेऊन उभं राहायचं. नोव्हेंबरात मिनेसोटात काय थंडी असते ते इथल्या माणसालाच ठाऊक. ही पोरगी दोन मोजे, दोन टोप्या घालून तीन-तीन तास वर. मला वाटलं, कॉलेजच्या अर्जात लिहायला बरं आहे, करू दे. कॉलेजात तिनं स्टॅटिस्टिक्स घेतलं, मी खूश. मग एका मोठ्या कन्सल्टिंग कंपनीची ऑफर सोडून तिनं या टीममध्ये इंटर्नशिप घेतली, तेव्हा मी आठ दिवस जेवणाच्या टेबलावर मूग गिळून बसलो होतो. आज लाज वाटते.

आता तिचा डोळा आला कुठून, हेही सांगायला हवं. तो माझा नाही. मला टीव्हीवर बॉल कुठं आहे हेसुद्धा रिप्लेमध्ये कळतं. डोळा आहे नीलांबरीचा. ती इस्लामपूरची, आणि ज्युनिअर गटात महाराष्ट्राकडून खो-खो खेळलेली. लग्नाआधी तिची ढाल माझ्या सासऱ्यांनी मला दोनदा दाखवली होती आणि मी दोन्ही वेळा ती नीट बघितली नव्हती. इथं आल्यावर खो-खो कुणाशी खेळणार? केया नऊ वर्षांची झाली तेव्हा मागच्या अंगणातलं मेपलचं झाड एक खांब झालं आणि डेकचा कोपरा दुसरा. मायलेकी उन्हाळ्याच्या संध्याकाळी तिथं पळायच्या. नीलांबरी पाठलागावर, केया पुढं. "डोळ्यांकडे बघू नकोस, डोळे हूल देतात. खांदे पण देतात. कंबर बघ. माणूस जिकडं वळणार तिकडं आधी कंबर वळते." केया धापा टाकत म्हणायची, "आई, दॅट्स सो वीअर्ड." दोन वर्षांनी मंडळाच्या पिकनिकला तिला कुणी हात लावू शकेना. चांगले कॉलेजातले मुलगे गवतावर लोळले.

फुटबॉलमध्ये वाइड रिसीव्हर नावाचा खेळाडू असतो, त्याचं काम थोडंफार असंच आहे. तो कडेला उभा राहतो, खेळ सुरू झाला की पुढं पळतो आणि टीमच्या म्होरक्यानं लांबून फेकलेला बॉल झेलतो. त्याला चिकटून विरुद्ध बाजूचा एक जण पळत असतो. त्याला चुकवून मोकळं होणं ही पहिली कला आणि बॉल झेलणं ही दुसरी. स्टेडियममधल्या साठ हजार लोकांना दुसरीच दिसते.

गेल्या जुलैच्या अखेरीस टीमचा सराव कॅम्प सुरू झाला. कॅम्पला नव्वद खेळाडू येतात आणि ऑगस्टच्या शेवटी त्रेपन्नच ठेवता येतात. बाकीचे सदतीस एका दिवसात बाहेर. त्या नव्वदांत एमरी हॉब्ज नावाचा एक रुकी होता, म्हणजे पहिल्या वर्षाचा, नवखा. वाइड रिसीव्हर. अर्कान्सामधल्या एका लहानशा कॉलेजातून आलेला. खेळाडूंच्या वार्षिक निवडीत बत्तीस टीमपैकी एकीनंही त्याचं नाव घेतलं नव्हतं. कॅम्पसाठी माणसं कमी पडत होती म्हणून बोलावलेला. पळण्याच्या चाचणीत तो रिसीव्हरांत शेवटून दुसरा. आणि पहिल्या दोन आठवड्यांत त्याच्या हातातून चार सोपे बॉल सुटले.

एका शनिवारी कॅम्पचा सराव लोकांना बघायला खुला होता. आम्ही दशम्या आणि लसणाची चटणी बांधून घेऊन गेलो. केया मैदानाच्या पलीकडे हातात टॅब्लेट घेऊन उभी होती, तिनं आम्हाला ओळखही दाखवली नाही. नोकरीवर असताना ती तशीच असते. आमच्या शेजारी एक अगडबंब गृहस्थ बसले होते. हॉब्जच्या हातातून बॉल सुटला तसे ते ओरडले, की या पोराला आजच्या आज घरी पाठवा. मी मान डोलावली. मला वाटलं, बरोबर आहे, झेलणारा झेलत नसेल तर काय उपयोग?

नीलांबरी म्हणाली, "बॉल पडला ते सोड रे. ज्यानं याला पकडायचं होतं तो कुठाय?"

मी बघितलं. तो चार पावलं लांब होता आणि त्याचं तोंड भलतीकडे होतं.

"वळायच्या आधी माणूस पावलं आखूड टाकतो," ती म्हणाली. "सगळेच टाकतात. तिथंच पकडला जातो. हा शहाऐंशी नंबरचा टाकतच नाही. सरळ पळता पळता वळतोय. असा एकच मुलगा मी बघितला होता, वाळव्याच्या टीममध्ये."

संध्याकाळी केया आमच्याबरोबर जेवायला आली. नीलांबरीनं सहज विचारलं, "शहाऐंशी नंबरचा कोण गं?"

केयाचा घास हातात राहिला. "व्हाय?"

"काही नाही. चांगला पळतो."

"आई, मी त्याच्याबद्दल काही बोलू शकत नाही. कॉन्फिडेन्शिअल असतं." मग थोड्या वेळानं, "चांगला म्हणजे कसा?"

नीलांबरीनं पावलांचं सांगितलं. केया आईकडे बघत राहिली. मला तिची ती नजर ठाऊक आहे. लहानपणी गणिताचं उत्तर पुस्तकातल्या उत्तराशी जुळलं की ती अशी बघायची.

त्या नजरेमागचं कारण तिनं नंतर मला सांगितलं, सीझन संपल्यावर, म्हणून आता लिहितोय. तिनं हॉब्जचे कॉलेजमधले दोन वर्षांचे सगळे सामने बघितले होते. ज्या खेळीत बॉल त्याच्याकडे आला त्या नव्हे. ज्यांत आला नाही त्या. बॉल आपल्याकडे येणार नाही हे माहीत असलं की बहुतेक रिसीव्हर अर्ध्या मनानं पळतात. हा प्रत्येक वेळी पूर्ण पळत होता आणि जवळजवळ प्रत्येक वेळी मोकळा होत होता. आणि बॉल का सुटतात याचंही कारण तिनं शोधलं. त्याच्या कॉलेजातला फेकणारा उशिरा फेकायचा. हॉब्ज मोकळा होऊन, मागं वळून, बॉलची वाट बघत थांबायला शिकला होता. इथं बॉल तो वळायच्या आतच येऊन पोचत होता. हात चांगले होते, सवय जुनी होती. सवय बदलता येते. माणसाला हूल देणं मात्र बाविसाव्या वर्षी शिकवता येत नाही, असं केयाचं म्हणणं.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात रिपोर्ट द्यायचा होता. त्यांच्याकडे रिपोर्टची शेवटची ओळ महत्त्वाची असते. हा खेळाडू पुढं काय होणार, ते एका वाक्यात. लिहिणाऱ्याचं नाव त्याखाली असतं आणि ते वर्षानुवर्षं तिथंच राहतं. चुकलं तर कुणीही उघडून वाचू शकतं.

तिनं फोन केला. "बाबा, एक सेंटेन्स ऐक. कोणाचं ते विचारू नको."

वाक्य असं होतं: तीन वर्षांत हा आपल्या पहिल्या अकरातला रिसीव्हर असेल, त्याला आत्ताच ठेवा.

आता मी कोण आहे ते सांगतो. मी पंचवीस वर्षं एका विमा कंपनीच्या आयटीत आहे. आमच्याकडे दर शुक्रवारी प्रत्येक प्रोजेक्टचा रंग कळवायचा असतो. सगळं ठीक तर हिरवा, बोंब असेल तर लाल, मधला पिवळा. माझे प्रोजेक्ट कायम पिवळे. हिरवा लिहिला आणि बुडालं तर मान आपली कापली जाते. लाल लिहिला तर वरचे दहा जण मीटिंग लावतात. पिवळ्याला कुणी काही म्हणत नाही. तळ्यात की मळ्यात विचारलं तर मी बांधावर उभा, आणि बांधावर उभं राहून मी घर घेतलं, मुलीला शिकवलं, तीन लेऑफमधून वाचलो. म्हणून मी तिला म्हणालो, "जरा सांभाळून लिही. योग्य संधी आणि मार्गदर्शन मिळाल्यास उपयुक्त ठरण्याची शक्यता नाकारता येत नाही, असं काहीतरी."

ती म्हणाली, "बाबा, हे वाचून माझा डिरेक्टर काय करणार?"

"काही नाही."

"एक्झॅक्टली."

मी चिडलो. तुझं कॉन्ट्रॅक्ट मेमध्ये संपतंय, त्या खोलीत तू सगळ्यांत लहान, बाई म्हणून एकटी, आणि एका बॉल सोडणाऱ्या पोरासाठी मान पुढं करतेस. मग मला विचारतेस कशाला, असं बरंच बोललो आणि फोन ठेवला. तीन दिवस आम्ही बोललो नाही.

चौथ्या दिवशी नीलांबरी भांडी लावता लावता म्हणाली, "रवी, तू तिला व्हिसावरची नोकरी शिकवतोयस. ती इथं जन्मलीये."

चौदा वर्षं मी व्हिसावर होतो. नोकरी गेली तर देश सोडायचा, ही टांगती तलवार डोक्यावर घेऊन मी बोलायला शिकलो होतो, आणि ग्रीन कार्ड आल्यावरही तसाच बोलत राहिलो. पोरीच्या डोक्यावर तलवार नव्हती. मीच ती तिच्यासाठी सांभाळून ठेवली होती. त्या दिवशी मी केयाला मेसेज केला, की तुला जे दिसलं ते लिही. तिनं अंगठा पाठवला. वाक्य तिनं केव्हाच जसंच्या तसं पाठवून दिलं होतं.

मग शेवटची मीटिंग झाली. लांब टेबलाभोवती अकरा पुरुष, भिंतीकडेच्या खुर्च्यांवर असिस्टंट. डिरेक्टरचं नाव कॉनराड. तीस वर्षं याच धंद्यात असलेला, कमी बोलणारा माणूस. हॉब्जचं नाव आलं तेव्हा टेबलावरच्या तिघांनी एकाच सुरात "नाही" म्हटलं. कॉनराडनं शेवटची ओळ मोठ्यानं वाचली आणि विचारलं, हे कुणी लिहिलंय? केया भिंतीकडून उठून उभी राहिली.

बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, अशा थाटाचा तो माणूस. तिनं बाप दाखवला. एकोणीस खेळींची फिल्म लावली. एकाही खेळीत बॉल हॉब्जकडे येत नाही. ती म्हणाली, बॉल विसरा, पकडणाऱ्याकडे बघा. पहिल्या पाच-सहा खेळींना कुणी विशेष लक्ष दिलं नाही. दहाव्या खेळीला टेबलावरच्या एकानं पुन्हा दाखवायला सांगितलं. मग तिनं सुटलेले चार बॉल दाखवले, आणि तिसऱ्या आठवड्यापासून एकही सुटलेला नाही, हेही.

कॉनराड म्हणाला, "आज सोडून देऊ. कुणालाही नको असलेला पोरगा आहे. उद्या सरावापुरता परत बोलावू."

सोडलेल्या रुकीला दुसरी कुठलीही टीम एका दिवसात उचलू शकते. केया म्हणाली, "उचलतील. माझ्यासारखं बघणारं आणखी एखादं तरी माणूस कुठल्या तरी टीममध्ये असेलच."

कॉनराडनं पेन खाली ठेवलं. "रिसीव्हरांच्या जागा सहा. याला ठेवायचा तर एकाला काढावं लागेल. कुणाला? नाव सांग."

हे तिच्या कामात बसत नव्हतं. असिस्टंटला असं विचारत नाहीत. तिला म्हणता आलं असतं की तो निर्णय तुमचा. मी असतो तर तेच म्हणालो असतो, आणि वर "विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट" जोडलं असतं.

ती म्हणाली, "टेरेल व्हिकर्स."

हा व्हिकर्स कोण ते कळलं तर ती काय बोलली ते कळेल. वय एकतीस, या टीममध्ये नऊ वर्षं, गावात त्याच्या नावाचे शर्ट घालून पोरं फिरतात. केया तिथं नवी होती तेव्हा तिचं नाव कुणी काया म्हणायचं, कुणी किया. व्हिकर्सनं पहिल्याच आठवड्यात तिला थांबवून विचारलं, की नाव नीट कसं म्हणायचं. मग जेवणाच्या हॉलमध्ये तो बाकीच्यांना दुरुस्त करायचा. आणि हॉब्जचे बॉल सुटायचे थांबले तेही त्याच्याचमुळे. बॉल फेकणारं एक मशीन असतं. रोज सकाळी सरावाच्या तासभर आधी व्हिकर्स त्या मशीनपाशी उभा राहून, हॉब्ज वळायच्या आत बॉल सोडायचा. पोरगं आपलीच जागा खाणार आहे हे त्याला कळत नसेल? नऊ वर्षं खेळलेला माणूस तो.

केयानं हे सगळं मीटिंगमध्ये सांगितलं. हॉब्ज सुधारला तो व्हिकर्समुळे, हेही. आणि मग व्हिकर्सची दोन वर्षांपूर्वीची आणि आत्ताची फिल्म शेजारी शेजारी लावली. डावा गुडघा धरत होता. वळण्याआधी त्याची पावलं आता आखूड पडत होती. कॉनराड म्हणाला, "थँक यू," आणि पुढचं नाव घेतलं.

पुढचं आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे कुणी जीव टांगणीला लावून बसायला नको. हॉब्जला ठेवलं. पहिल्या सीझनमध्ये त्यानं सव्वीस बॉल झेलले. बरे आहेत, फार नाहीत, आणि तीन वर्षांचा हिशेब अजून दोन वर्षांनी लागेल. केया चुकलेलीही असू शकते. मेमध्ये तिचं कॉन्ट्रॅक्ट वाढलं आणि असिस्टंट हा शब्द गेला. मी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन ओळी टाकल्या, शैलेंद्रनं खाली सगळ्यांत आधी फुलं पाठवली, आणि माझा त्याच्यावरचा निम्मा राग गेला. पण मला अभिमान वाटतो तो या गोष्टींचा नाही. तो ऑगस्टच्या शेवटच्या मंगळवारचा आहे.

त्या दिवशी खेळाडूंना काढतात. काढायचं ठरतं वरच्या खोल्यांत, पण खेळाडूला जाऊन बोलावून आणायचं काम सगळ्यांत खालच्या माणसाचं. जायचं, खेळाडूच्या समोर उभं राहायचं आणि म्हणायचं, कोचनं बोलावलंय, टॅब्लेट बरोबर घ्या. त्या टॅब्लेटमध्ये टीमचे सगळे डाव असतात, तो परत द्यायचा असतो. एवढंच बोलायचं. कुणी ठरवलं, का ठरवलं, काही सांगायचं नाही. त्या सकाळी खेळाडू या असिस्टंटांच्या नजरेला नजर देत नाहीत. केयाच्या वाट्याला नऊ नावं होती. व्हिकर्सचं नाव दुसऱ्या असिस्टंटच्या यादीत होतं. कॉनराडनंच तसं करवलं होतं, तिला त्रास नको म्हणून.

तिनं यादी बदलून घेतली. आपल्या यादीतलं एक नाव त्या दुसऱ्याला दिलं आणि व्हिकर्स स्वतःकडे घेतला.

साडेनऊला तिचा फोन आला. मी घरूनच काम करत होतो. मी फोन स्पीकरवर टाकला आणि नीलांबरी हात पुसत येऊन उभी राहिली. केया पार्किंगमध्ये गाडीत बसून बोलत होती. आवाज नेहमीचाच, जरा हळू.

व्हिकर्स मशीनपाशीच होता. हॉब्ज नुकताच आत गेला होता आणि हा एकटा इकडं तिकडं पडलेले बॉल गोळा करून पिशवीत भरत होता. केया समोर जाऊन उभी राहिली आणि ते ठरलेलं वाक्य म्हणाली. त्यानं पिशवीचं तोंड बांधलं. मग विचारलं, "हे त्या पोरासाठी?"

"हो."

"कुणी ठरवलं?"

इथं गप्प बसायचं असतं. नियमच आहे तो.

"ठरवलं वरच्यांनी," केया म्हणाली. "पण त्यांनी विचारलं कुणाला काढू, तेव्हा तुमचं नाव मी घेतलं. तुम्ही दुसऱ्या कुणाकडून ऐकू नये असं वाटलं, म्हणून मी आले."

तिला वाटलं आता हा ओरडणार, आणि ओरडला तर बरं होईल, असंही वाटलं. तो ओरडला नाही. म्हणाला, "गुडघा?"

"गुडघा. वळायच्या आधी दोन पावलं."

"दीड," तो म्हणाला. मग, "पोराला मशीन सोडू देऊ नकोस. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंग येईपर्यंत रोज. तो विसरतो."

बोलवायला गेलेल्या माणसानं पुढं चालायचं आणि खेळाडूनं मागून यायचं, अशी तिथली पद्धत आहे. केया पुढं निघाली तर तो म्हणाला, "मागून नाही येणार मी. शेजारी चाल." मग दोघं शेजारी शेजारी, लॉकर रूमच्या मधून, सगळ्यांच्या देखत कोचच्या दारापर्यंत गेले. माझी पाच फूट दोन इंचांची पोरगी आणि तो सव्वासहा फुटी माणूस. दारापाशी त्यानं टॅब्लेट तिच्या हातात दिला, तिचं नाव अगदी नीट उच्चारून थँक यू म्हणाला आणि आत गेला.

केयाचं सांगून झालं. नीलांबरीनं पदर नसताना पदरानं पुसावेत तसे टी-शर्टच्या बाहीनं डोळे पुसले. मला खूप काही बोलायचं होतं. माझ्या अख्ख्या नोकरीत मी कुणाला तोंडावर असं सांगितलं नाही, हे बोलायचं होतं. माझ्या हाताखालच्या दोघांची नावं लेऑफच्या यादीत मी दिली होती आणि त्यांच्या निरोपाच्या केकला मी आजारी म्हणून घरी बसलो होतो, हे तिला आजवर सांगितलं नव्हतं, ते सांगायचं होतं. इतका अभिमान मला तिच्या जन्माच्या दिवशीही वाटला नव्हता, कारण त्या दिवशी मला काही कळलंच नव्हतं.

"केया," मी म्हणालो, "बेटा, ऐक."

"बाबा, नंतर," ती म्हणाली. "मला आत जायचंय. अजून चौघांना आणायचंय."